गाव सगळ्यांचं, गाणं कुणाचं?

गूडा अंजय्या २१ जून २०१६ रोजी हैदराबादजवळ वारले. पुढच्या चार महिन्यांत त्यांचा जिल्हाही जुन्या रूपात उरला नाही. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, आणि अंजय्यांचं जन्मगाव, दंडेपल्ली मंडलातलं लिंगापूर, मंचिर्यालच्या वाट्याला गेलं. कवी, गीतकार, स्वतःची गाणी स्वतः उभं राहून म्हणणारा माणूस आणि पोटासाठी सरकारी दवाखान्यातली फार्मासिस्टची नोकरी, अशी त्यांची ओळख. ‘ऊरु मनदिरा’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं. नावाचा अर्थ सरळ आहे: गाव आपलं आहे. तेलंगणात हे गाणं ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल. पण ते कुणी रचलं हे सांगणाराही शोधावाच लागतो. या दुसऱ्या गोष्टीची खंत करावी की तिच्यात गाण्याचा विजय मानावा, यावर दोन मतं संभवतात. त्यांतलं एक माझं आहे. दुसरं आक्षेपकाच्या तोंडी घातलं आहे, आणि मला खोडायला सोपं जावं म्हणून ते मुद्दाम लेचंपेचं केलेलं नाही.

आक्षेपक : तुमची खंतच मुळात मला कळत नाही. जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या? भोंडल्याची गाणी, हादग्याची गाणी, पोळ्याच्या झडत्या कुणाच्या? त्यांच्याखाली नाव नाही म्हणूनच ती घरोघर गेली. बाईने ओवी म्हणताना भावाचं नाव बदललं, गावाचं नाव बदललं, आणि ओवी तिची झाली. गाणं लोकांचं होतं ते असं. आणि हे गाणं तर गाव आपलं आहे, असंच सांगणारं. त्याच्यावर एका माणसाचं नाव चढवायचं म्हणजे गावकीच्या जमिनीचा सातबारा एकाच्या नावे करण्यासारखं झालं. शिवाय चरित्र म्हणून सांगणार काय? १९५५ सालचा जन्म, दलित कुटुंब, नोकरी, चळवळ, काही पुरस्कार, आजारपण, मृत्यू. असे शेकडो शाहीर झाले. एकाचं चरित्र लिहिलं की त्याचा पुतळा होतो, पुतळा झाला की जयंती, आणि जयंतीला गाणं लाउडस्पीकरवर लागतं. म्हणत कुणीच नाही.

लेखक : सातबाऱ्याची उपमा तुम्ही आणलीत ते बरं केलंत, कारण ती अर्धीच वापरलीत. सातबारा हा दोन नमुने जोडून झालेला कागद आहे. गावनमुना सातमध्ये जमीन कुणाची ते असतं. नमुना बारामध्ये त्या जमिनीत कुणी, काय, कोणत्या पाण्यावर पिकवलं ते असतं. अंजय्यांच्या नावाने सात उतारा काढा, असं मी म्हणतच नाही. मला बारा हवा आहे. या गाण्याचं पीक कोणत्या मातीत आलं, ते कळल्याशिवाय गाणं नीट ऐकूच येत नाही. लिंगापूरचा परिसर गोदावरीच्या उत्तरेचा, लक्षेट्टीपेटकडचा. नदीच्या पलीकडे धर्मपुरी आणि जगित्यालचा मुलूख. अंजय्या जन्मले तेव्हा हा भाग हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याला वर्षभराचंच आयुष्य उरलं होतं. १९५६ साली राज्य फुटलं, आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले, नांदेडकडचं मुधोळ आदिलाबादला जोडलं गेलं. सीमा हलल्या तरी गावाची रचना जागची हलली नाही. तिथल्या जमीनदाराला ‘दोरा’ म्हणतात, म्हणजे मालक, धनी. त्याच्या वाड्याला ‘गडी’ म्हणतात. आपल्या मराठवाड्यातली गढी ती हीच. देशमुख, पटेल, पटवारी हे निजामी महसुलाचे शब्द दोन्हीकडे सारखेच. ‘वेट्टी’ म्हणजे आपली वेठ: न्हाव्याने, परटाने, कुंभाराने, महाराने गढीवर फुकट राबायचं. १९४६ ते १९५१चा सशस्त्र लढा याच वेठीवर उठला, तरी सत्तरच्या दशकातही गढीचा दरारा पुरता ओसरला नव्हता. सप्टेंबर १९७८मध्ये जगित्यालला शेतमजुरांचा प्रचंड मोर्चा निघाला, ‘जैत्रयात्रा’ या नावाने तो आजही ओळखला जातो. त्याच वर्षी सरकारने जगित्याल आणि सिरसिला हे तालुके अशांत क्षेत्र म्हणून जाहीर केले. ‘गाव आपलं आहे’ हे वाक्य अशा मुलखात, त्या दशकात, वेठीच्या बाजूला जन्मलेल्या माणसाने उच्चारलं. पुण्यातल्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात तेच वाक्य उच्चारलं तर गोड वाटेल. लिंगापुरात ते गोड नव्हतं. तिथे तो मालकीहक्काचा दावा होता, आणि ज्यांच्या नावावर गावात वीतभर जमीन नव्हती त्यांनी केलेला होता.

आक्षेपक : मान्य. पण हे तुम्ही अंजय्यांचं चरित्र सांगितलंत की तेलंगणाचा इतिहास? तुमच्याच पुराव्यावरून दिसतं की गाणं काळाने रचलं. त्या दशकात हजारो पोरं खांद्यावर घोंगडी टाकून, पायात घुंगरू बांधून गावोगाव फिरत होती. अंजय्या नसते तर दुसऱ्या कुणी हेच म्हटलं असतं. आणि नाव गळून पडल्याने बिघडतं काय, याचं उदाहरण तेलंगणातच आहे. ‘गाडीमागून गाडी जोडून’ असं सुरू होणारं ते प्रसिद्ध गाणं घ्या. सशस्त्र लढ्याच्या काळातलं, बंडी यादगिरी नावाच्या कार्यकर्त्याने रचलेलं. तीसेक वर्षांनी गौतम घोष यांच्या ‘मा भूमी’ या चित्रपटात ते लोकगायक गद्दर यांनी म्हटलं आणि घराघरांत गेलं. यादगिरी किती जणांना आठवतात? फारच थोड्यांना. गाणं मेलं का? उलट वाढलं.

लेखक : गाणं मेलं नाही, हे खरं. पण त्या गाण्याखालची जागा रिकामी राहिली का, ते विचारा. रस्त्यावर कुणालाही विचारा, ते गाणं कुणाचं. उत्तर येईल, गद्दरचं. म्हणजे नाव गळून पडलं नाही. ते सरकलं. माझ्या म्हणण्याचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे. तुम्ही समजता की कर्त्याचं नाव विसरलं की गाणं निनावी होतं आणि निनावी झालं की सर्वांचं होतं. प्रत्यक्षात तसं क्वचितच घडतं. मोकळ्या जागेवर लोक सगळ्यांत मोठ्या नावाची पाटी लावतात. १९८३च्या ‘रंगुल कला’ या चित्रपटातलं, शहरात निघालेल्या मुलाला जपून राहा म्हणून सांगणारं गाणं लोकांच्या कानात गद्दर यांच्या आवाजात आहे. त्याच्या रचनेचं श्रेय अंजय्यांना दिलं जातं, पण आवाज आठवतो, रचणारा आठवत नाही. यात गद्दर यांचा दोष काढण्याचं कारण नाही. तो आवाजाचा महिमा आहे. आपल्याकडेही हेच झालं आहे. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊ साठे यांची छक्कड. अमर शेखांच्या पहाडी गळ्याने ती महाराष्ट्रभर गेली, आणि ती शेखांचीच असं समजणारे लोक कमी नव्हते. आणखी मागे जा. तुकोबांच्या गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगांची संख्या सारखी नाही, कारण दुसऱ्यांचे अभंगही त्या थोर नावाखाली येऊन विसावले. कबीराचंही तेच. मोठं नाव वडाच्या झाडासारखं असतं, आजूबाजूच्या पारंब्या आपल्या बुंध्यात ओढून घेतं. मग या सरकासरकीत नाव कुणाचं जातं? जो लहान, दूरचा, ज्याच्यामागे छापखाना नाही, कॅसेट कंपनी नाही, जात नाही, त्याचं. यादगिरींचं गेलं. लिंगापूरच्या माणसाचं अर्धं गेलंच आहे. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्यालाही हेच उत्तर आहे. ओव्या निनावी राहिल्या त्या बायकांनी नाव नको म्हटलं म्हणून नव्हे. त्यांना नाव विचारायला कुणी गेलंच नाही. विचारलं तिथे नावं मिळाली. जनाबाईचं मिळालंच ना? तिने तर आपण कुणाची दासी आहोत हेही शेवटच्या ओळीत नोंदवून ठेवलं.

आक्षेपक : जनाबाई, तुकोबा ही संतपरंपरा झाली. तिथे नाममुद्रा होती. पण आदिलाबादची स्वतःची परंपरा पाहा. तिथल्या राजगोंडांचे भाट म्हणजे परधान. किकरी हे तंतुवाद्य छातीशी टेकवून रात्र रात्र गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या कथा सांगतात. गंमत अशी की आदिलाबादच्या परधानांची घरातली भाषा मराठी, आणि गाणं मात्र गोंडीत. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मारलवाई गावी राहून हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या परधानाने कधी म्हटलं का, ही कथा मी रचली? तो म्हणतो, बापाकडून आली. रचणारा आणि गाणारा एकच, आणि त्याचं नाव गाण्याच्या माथ्यावर, ही कल्पना ध्वनिमुद्रिकांच्या बाजाराने आणली. पाश्चात्त्यांचा गिटारवाला ‘गीतकार-गायक’ तुम्ही आदिलाबादच्या मातीत रोवू पाहता आहात.

लेखक : परधानांची भाषा मराठी आणि कथा गोंडी, हा मुद्दा तुम्ही काढलात याचा मला आनंद आहे, तो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नसतो. हाइमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाईला गोंड मुलांसाठी शाळा आणि शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा गोंडीची पहिली क्रमिक पुस्तकं देवनागरीतच निघाली, कारण तिथल्या लिहिता-वाचता येणाऱ्या गोंडांना मराठीची अक्षरं ओळखीची होती, हेही त्याला जोडून ठेवा. पण त्यांच्या परंपरेला तुम्ही निनावी म्हणता ते मला पटत नाही. परधान कुणाच्याही दारी जाऊन कुठलीही कथा सांगत नाही. त्याचं घर ठरावीक गोंड कुळाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं असतं. यजमानाला आपला परधान कोण ते माहीत असतं, परधानाला आपला यजमान कोण ते. कथा सांगितल्यावर धान्य, कापड, कधी जनावर हक्काने मिळतं. म्हणजे कथा कुणाच्या तोंडून ऐकायची, ती चुकली तर कुणाला विचारायचं आणि तिच्याबद्दल कुणाला द्यायचं, हे तिन्ही तिथे ठरलेलं आहे. याला निनावी म्हणायचं कसं? तिथे कर्त्याच्या नावाऐवजी जबाबदार घराचं नाव आहे, आणि ते कुणी विसरत नाही. उलट आधुनिक ‘लोकगीता’चंच गोत्र हरवलेलं असतं: रचलं एकाने, गायलं दुसऱ्याने, विकलं तिसऱ्याने, आणि ‘पारंपरिक’ असा शिक्का मारला की कुणाला काही देणं लागत नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द पुष्कळदा भक्तीने वापरतात. हिशेब चुकवायलाही तो फार सोयीचा आहे.

आणि हा प्रश्न पाश्चात्त्य बाजाराचा आहे म्हणाल, तर युरोपच्या एका कोपऱ्यात अगदी आपल्यासारखाच तिढा आहे. बोस्नियात ‘सेव्दालिंका’ नावाची गाणी आहेत. हुरहुरीची, प्रेमाची, शहरातल्या गल्ल्यांची. २०२४ साली युनेस्कोने त्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. हा प्रकार लोकगीताचा मानला जातो. त्यांतलं अत्यंत लाडकं गाणं ‘एमिना’. ते वास्तविक मोस्तारचे सर्ब कवी अलेक्सा शांतिच यांनी १९०२ साली शेजारच्या मुस्लिम मुलीवर लिहिलेली कविता आहे. लोकांनी ते लोकगीत म्हणून उचललं. पुढे हिमझो पोलोविना या गायकाने एमिनाच्या मृत्यूच्या वार्तेनंतर मोस्तारच्याच सेव्दा कातित्सा या कवयित्रीच्या ओळी त्याला जोडल्या आणि गाणं नव्याने गायलं. हे पोलोविना पेशाने मज्जा-मनोविकारांचे डॉक्टर. दिवसा सारायेव्होच्या रुग्णालयात, आणि आयुष्यभर जुनी गाणी गोळा करणं, दुरुस्त करणं, म्हणणं. आता पाहा, या गाण्याचं लोकपण नावं कळल्याने कमी झालं का? एक सर्ब कवी, एक मुस्लिम मुलगी, एक कवयित्री, एक डॉक्टर, चारही ठाऊक आहेत, आणि तरी गाणं सगळ्यांचं आहे. उलट नव्वदच्या दशकात धर्माच्या नावाने त्या देशाचे तुकडे पडले, त्यानंतर ‘एमिना’ कुणी कुणासाठी लिहिली होती हे ठाऊक असणं हीच त्या गाण्याची खरी संपत्ती झाली. निनावी राहिली असती तर प्रत्येक बाजूने ती आपलीच म्हणून सांगितली असती.

आक्षेपक : डॉक्टर गाणाऱ्याचं उदाहरण तुम्ही सोयीने निवडलंत, तुमचे अंजय्या फार्मासिस्ट म्हणून. पण पोलोविना प्रेमगीतं गात होते. अंजय्या क्रांतीची गाणी लिहीत होते आणि पगार सरकारचा घेत होते. हा दुटप्पीपणा चरित्रात झाकणार की सांगणार?

लेखक : सांगणार, कारण चरित्र लिहिण्याचं ते एक चांगलं कारण आहे. परधानाला यजमानाच्या दारातून धान्य मिळत होतं, म्हणून यजमानाच्या कुळाची निंदा त्याच्या किकरीवर येणं शक्य नव्हतं. दरबारी शाहिराला बिदागी मिळायची, तिचीही किंमत असायची. महिन्याचा पगार मिळणाऱ्या माणसाला दोऱ्याच्या दाराशी उभं राहावं लागत नाही. स्वातंत्र्यानंतर दलित घरांतली पहिली शिकलेली पिढी सरकारी नोकरीत गेली आणि त्याच पिढीने सर्वांत धारदार साहित्य लिहिलं, हे मराठीत तर आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. बँक, पोस्ट, रेल्वे, महापालिका यांच्या हजेरीपटांवर दलित साहित्याची निम्मी नामावली सापडेल. नोकरीने त्यांना गप्प केलं नाही. गावातल्या धन्यापासून सोडवलं. राहिला प्रश्न सरकारवर टीका करण्याचा. सरकारी दवाखान्यात यायला निक्षून नकार देणाऱ्या रोग्याचं एक गाणं तेलंगणात फार प्रसिद्ध आहे. तेही अंजय्यांच्याच नावावर सांगितलं जातं. निनावी ऐकलं तर ते विनोदी गाऱ्हाणं वाटतं. ज्याने उमेदीची वर्षं सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीमागे काढली त्याचं म्हणून ऐकलं तर तीच तक्रार खिडकीच्या आतल्या बाजूने येते. गाण्याचा एक शब्दही बदललेला नाही, तरी साक्षीचं वजन बदललं. एवढ्यासाठी तरी चरित्र हवंच ना?

आक्षेपक : एका गाण्यापुरतं ठीक आहे. पण आता माझा खरा आक्षेप ऐका. ही गाणी साहित्य कमी आणि घोषणा जास्त. चळवळ आहे तोवर ती धगधगतात, चळवळ संपली की राख. २ जून २०१४ला तेलंगणा राज्य झालं. ज्या ‘धूम धाम’ कार्यक्रमांनी चळवळीत गावं जागवली होती, त्यांतले पुष्कळ कलावंत नव्या सरकारच्या ‘सांस्कृतिक सारथी’ या संस्थेत पगारावर लागले, साडेपाचशेच्या आसपास. कालपर्यंत सरकारला विचारणारा गळा आज योजनांची जाहिरात करू लागला. अंजय्यांनीही राज्याच्या चळवळीसाठी गाणी लिहिली. राज्य मिळालं, गाण्यांचं काम झालं. झालेल्या कामाचं चरित्र कशाला?

लेखक : यातलं निम्मं मी मान्य करतो. चळवळीच्या कवीची बरीचशी गाणी त्या त्या सभेपुरती असतात. अंजय्यांचीही असणार. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी रचली. ती सगळीच सारख्या तोलाची आहेत असं त्यांचा भक्तही म्हणणार नाही. सिन्नरजवळच्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला, पुढे स्वतः अक्षरं गिरवून शिकलेला हा माणूस २००४पर्यंत गात राहिला, आणि त्यातलं जे उरायचं ते उरलं. सगळं टिकलं पाहिजे अशी अट घातली तर शाहीरच काय, कुणीच कवी उरणार नाही. पण ‘ऊरु मनदिरा’ सभेपुरतं नव्हतं, याचा पुरावा तुमच्याच म्हणण्यात आहे. ते आधी गढीविरुद्ध गायलं गेलं. दोन-तीन दशकांनी वेगळ्या राज्याच्या चळवळीत गायलं गेलं, तेव्हा समोर गढी नव्हती. हैदराबाद, नोकऱ्या आणि पाणी यांचा वाटा नेणारा किनारी आंध्र होता. समोरचा शत्रू बदलूनही जे गाणं उभं राहतं त्याला नुसती घोषणा म्हणता येत नाही.

पण इथेच एक गोष्ट घडली, आणि तुमच्या बाजूने तुम्ही ती बोलून दाखवली नाहीत याचं मला नवल वाटतं. ‘गाव आपलं’ यातला ‘आपलं’ हा शब्द त्या प्रवासात बदलला. पहिल्या खेपेला आपण म्हणजे राबणारे, आणि दोरा त्या ‘आपण’मध्ये नव्हता, गाणंच त्याच्यावर होतं. दुसऱ्या खेपेला आपण म्हणजे तेलंगणातले सगळे. मग त्या ‘सगळ्यां’त गढीवाल्यांची नातवंडंही आली. तीही मांडवात उभी राहून हेच गाणं म्हणू शकत होती, कुणी अडवायचं कारण नव्हतं. गाणं सगळ्यांचं होणं म्हणजे काय, ते यावरून दिसतं: ज्याच्याविरुद्ध ते रचलं त्याचंही ते होतं. तुम्ही याला विजय म्हणाल. मी अर्धा म्हणेन. कारण राज्य आलं तरी जमिनीचा प्रश्न संपलेला नव्हता. अंजय्यांच्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा, हक्क संघटनांचा त्याच्या कितीतरी पट. त्या लोकांना ‘गाव आपलं’ या शब्दांतून जे अभिप्रेत होतं ते नव्या राज्याच्या ‘आपल्या’त आपोआप येत नाही. तो मूळचा अर्थ कुठे शिल्लक राहतो? गाण्याच्या शब्दांत नाही, शब्द तर तेच आहेत. चालीतही नाही. तो रचणाऱ्याच्या आयुष्यात शिल्लक राहतो: लिंगापूर, वेठ, १९७८ची गोदावरी, दवाखान्याची खिडकी. चरित्र पुसलं तर गाणं कुणालाही वापरायला मोकळं होतं, दोऱ्यालासुद्धा.

याच्या उलट दिशेचा प्रवास सारायेव्होत झाला. केमाल मोंतेनो या गायक-गीतकाराने १९७६ साली आपल्या शहरावर एक प्रेमगीत केलं, अगदी हळवं, शहराला प्रेयसी मानणारं. १९९२मध्ये त्या शहराला वेढा पडला आणि तो १,४२५ दिवस राहिला. ज्या गाण्यात कुणालाच विरोध नव्हता, ते लोकांच्या तोंडी हक्काचं झालं: शहर आमचं आहे. अंजय्यांचं गाणं धारदार होतं ते मवाळ झालं, मोंतेनोंचं मवाळ होतं त्याला धार आली. दोन्हीकडे शब्द जागच्या जागी. या गाण्यांना काय झालं हे कळायला ती कोणी, केव्हा, कुठे उभं राहून रचली हे आधी कळावं लागतं. नाहीतर बदल मोजणार कशावरून?

आक्षेपक : ठीक. दोऱ्याची नातवंडं मला सुचली नव्हती, ते मी मान्य करतो. पण तुमच्या युक्तिवादाने एक नवी अडचण उभी केली. नाव सांभाळायचं काम कुणी करायचं? सरकारने? अंदेश्रींचं ‘जय जयहे तेलंगाना’ २०२४ साली राज्यगीत झालं. गुरं राखलेल्या, गवंडीकाम केलेल्या, शाळेत न गेलेल्या कवीचं नाव सरकारी दप्तरात गेलं, चांगलंच झालं. पण राज्यगीत झालं की सावधान उभं राहून ऐकायचं. जे सावधान उभं राहून ऐकायचं ते गाणं नाचत कोण म्हणणार?

लेखक : सरकारवर सोडायला मीही तयार नाही. सरकार नाव जपतं ते पुरस्कारासाठी, पाठ्यपुस्तकासाठी, चौकासाठी. आणि त्या वेळी आयुष्यातलं टोचणारं तेवढं वगळतं. मी म्हणतो ते काम फार लहान आहे आणि ते गाणाऱ्याचंच आहे. कीर्तनकार अभंग घेतो तेव्हा आधी संताचं नाव घेतो, ‘तुकाराम महाराज म्हणतात’ म्हणून. लोक ऐकतात, कुणाला त्यात मालकी दिसत नाही. शाहीर पोवाड्याच्या शेवटी आपलं नाव गुंफतो. वामनदादांनी कित्येक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ असं घालून ठेवलं, म्हणजे गाणं म्हणायचं तर नाव म्हणावंच लागेल. दुसऱ्याच्या गळ्यातही ते निसटू नये अशी तजवीज. ही युक्ती कुणा कंपनीने शिकवलेली नव्हती. पंढरीच्या वाटेवर ती आधीपासून होती.

आक्षेपक : म्हणजे तुमच्या मते किनवटच्या किंवा राजुऱ्याच्या एखाद्या पोराने ‘ऊरु मनदिरा’ मराठीत केलं, तर शेवटी अंजय्यांचं नाव घालायचं? सोळा भाषांत ते गेलं असं म्हणतात; किती जणांनी घातलं असेल?

लेखक : शेवटी नको. शेवटी टाळ्या असतात, त्यांत नाव बुडतं. आधी सांगावं, डफावर पहिली थाप पडण्याआधी, सगळे गप्प असतात तेव्हा: हे गाणं गूडा अंजय्यांचं, लिंगापूरचं.

आक्षेपक : लिंगापूर, जिल्हा आदिलाबाद की मंचिर्याल?

लेखक : आदिलाबादच म्हणा. त्यांनी गाणं केलं तेव्हा तो आदिलाबाद होता.